कडेला बसलेला माणूस

नेत्रकेंद्रातल्या तपासणीच्या खोलीत हल्ली अंधार करावा लागत नसे. पूर्वी पडदे ओढून घ्यायचे, दार लावायचं, रोग्याची हनुवटी टेकूवर ठेवायची आणि त्याच्या इतकं जवळ जायचं की त्याने सकाळी कांदा खाल्लाय की लसूण, तेही कळावं. आता रोगी प्रवेशद्वाराच्या कमानीखालून चालत आला की डोळ्यांची चित्रं, आतला दाब, नसेची जाडी, सगळं चालता चालताच टिपलं जाई. तो आत येऊन बसेपर्यंत डॉ. अपर्णा उपासनींच्या समोरच्या काचेवर दोन आकडे उमटलेले असत. उजव्या डोळ्याचा एक, डाव्याचा एक. त्याला दृष्ट्यंक म्हणत. शंभर म्हणजे पूर्ण नजर. आकडा खाली आला की थेंब वाढवायचे, फारच खाली आला की पूरकदृष्टी बसवायची. डोळ्यात बघायचं काम उरलंच नव्हतं.

अपर्णाबाईंची दिवाळीनंतर निवृत्ती होती. चाळीस वर्षं सोलापूरच्या उन्हात येणाऱ्या माणसांचे डोळे त्यांनी पाहिले होते. विणकरांचे, विडी वळणाऱ्या बायकांचे, शाळामास्तरांचे. आता त्या आकडे पाहत होत्या, आणि आकडे पाहून माणूस जास्त थकतो, असं त्यांचं मत झालं होतं. डोळा निदान परत आपल्याकडे बघतो तरी.

मे महिन्यातल्या एका दुपारी पद्मा येमुल आत आल्या. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहणाऱ्या, अडुसष्ट वर्षांच्या विधवा बाई. साध्या दाबाचा काचबिंदू, म्हणजे डोळ्यातला दाब वाढलेला नसतानाही नस झिजत जाणारा. चार वर्षं थेंब चालू, अडीच वर्षांपूर्वी पूरकदृष्टी बसवलेली. आकडे होते बासष्ट आणि एकोणसाठ. दर महिन्याला थोडे थोडे उतरत आलेले. काचबिंदूत उतरतात तसेच.

"काय म्हणताय पद्माताई? बरं आहे ना?"

"बरं कसलं ओ डॉक्टरबाई. जीव नुसता गळून जातोय. एक भांडं घासलं की दुसरं घासू वाटत नाही." त्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी अंगावरची शाल घट्ट केली. "पण मी त्याच्यासाठी नाही आले. ते कंपनीकडनं निरोप आलाय. पूरकदृष्टीची नवी आवृत्ती देणार म्हणे, जुनं सगळं पुसून. मला नको ती. माझं जुनंच राहू दे. तुम्ही सही करून द्या तसं."

"अहो, नवी चांगली आहे. फुकट आहे."

"चांगली असू दे, फुकट असू दे. मला नको."

अपर्णाबाईंनी पेन खाली ठेवलं. रोगी नवं नको म्हणतो तेव्हा त्यामागे बहुतेक भीती असते. ही बाई भ्यायलेली दिसत नव्हती. ती एखादी गोष्ट पदराआड धरून बसल्यासारखी दिसत होती.

"का नको ते सांगा, मग सही करते."

पद्माताईंनी दाराकडे पाहिलं. आवाज उतरवून म्हणाल्या, "त्यात आमचे मालक आहेत."

मालक म्हणजे त्यांचे यजमान, अंबादास येमुल. त्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

योगायोगाने त्याच दिवशी पूरकदृष्टी बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता, इरफान बागवान, महिन्याच्या देखभालीसाठी केंद्रात आला होता. चाळिशीचा, बोलका, मशीन उघडताना गुणगुणणारा माणूस. अपर्णाबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"शक्य नाही मॅडम," तो म्हणाला. "माणसं त्यात जातच नाहीत."

"तू आम्हाला नीट समजावून सांग. अगदी पहिल्यापासून."

इरफानने पद्माताईंचा चष्मा मागून घेतला. चष्म्याच्या मधोमध, नाकाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढी भिंगिका होती. कानामागून एक मऊ पट्टी डोक्याच्या मागच्या भागापर्यंत जात होती.

"बघण्याचं काम शेवटी मेंदूच्या मागच्या भागात होतं. डोळ्याची नस जिथे मेली तिथलं चित्र मेंदूपर्यंत पोचत नाही. मग ही मेंदूपट्टी मागून तेवढ्या जागेत चित्र भरते. पण चालू चित्र, हलतं, ते भरणं अजून कुणालाच जमलेलं नाही. स्थिर चित्र जमतं, तेही सावकाश. म्हणून यंत्र काय करतं, भिंगिकेतून घर बघून ठेवतं. भिंत कुठे, कपाट कुठे, उंबरा कुठे. त्याचा एक स्मृतिपट तयार होतो. तुम्ही घरात मान वळवाल तसा त्यातला योग्य तुकडा आंधळ्या भागात बसतो. माणूस अडखळत नाही. जिथे डोळ्याला स्वतःला दिसतं, तिथे यंत्र हात लावत नाही."

"आणि आंधळा भाग कुठला, ते त्याला कसं कळतं?"

"चष्म्याच्या कडेला बारीक ठिणग्या उमटतात. ठिणगी दिसली की डोळा नकळत हलतो. नाही हलला, म्हणजे तिथे दिसत नाही. त्यावरून रोज अंधनकाशा तयार होतो. तो यंत्रातच राहतो, केंद्राला नुसता दृष्ट्यंक पाठवतो आम्ही. तुमच्याच लोकांनी सांगितलं होतं, डॉक्टरांना नकाशे वाचायला वेळ नसतो म्हणून."

अपर्णाबाईंनी मान डोलावली. ते खरंच होतं.

"माणसं हलतात, म्हणून ती गाळायची," इरफान पुढे म्हणाला. "पण पंखाही हलतो, पडदाही हलतो. मग नियम असा केला की हललं तरी चालेल, पण जागा सोडत नाही तो सामान. जागा सोडतो तो माणूस."

मग पद्माताई हसल्या. थकलेलं, पण खरं हसू.

"मग बरोबरच आहे की ओ. मालकांना अर्धांग झालं होतं. दीड वर्ष त्या उंच पाठीच्या खुर्चीत. तिथंच जेवण, तिथंच झोप. पट्ट्यानं बांधून ठेवायचे मी, घसरू नयेत म्हणून. पूर्वी चादरीचे नमुने काढायचे ते, पेठेत नाव होतं त्यांचं. आणि तुमच्या मशीननं त्यांना कपाटात जमा धरलं."

इरफानने मान खाली घातली. "माफ करा मावशी. हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

"माफी कसली मागताय? मी तर रोज तुमच्या नावानं दिवा लावीन. पण पुसू नका म्हणजे झालं."

"पण ते इतके दिवस टिकले कसे?" इरफानला आता अभियंत्याची शंका आली. "खुर्ची रिकामी दिसली की स्मृतिपट आपोआप बदलायला हवा."

"मी तिकडं बघतच नाही."

"म्हणजे?"

"बघितलं की जाणार, हे काय मला कळत नाही होय? तुमचा तो डोळा नाकावर आहे, समोरचं बघतो. मी त्या कोपऱ्याकडं कधी तोंड करत नाही. झाडायचं असलं की चष्मा काढून झाडते. मालक नुसते कडेला असतात. मान वर केलेली, तोंड जरा वाकडं, हातात रुमाल. वळून बघायचं नाही. तेवढं पाळलं की झालं."

वर्षभर ही बाई आपल्या नवऱ्याकडे न बघण्याचं व्रत पाळत होती, तो दिसत राहावा म्हणून. त्यांनी सही करायला पेन उचललं. आणि मग चाळीस वर्षांची सवय कुठूनशी जागी झाली. रोग्याला विचारायची सवय.

"कडेला म्हणजे कुठे?"

"कडेला म्हणजे कडेला. मी दाराकडं तोंड करून बसले की डाव्या कानाकडं. देवाकडं तोंड केलं की उजव्या कानाकडं."

"अगदी कानाकडे? की नाकाकडून?"

"नाकाकडं कसे येतील? कानाच्या जरा पुढं. डोळ्याच्या पार टोकाला."

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना. का ओ?"

पेन पुन्हा खाली गेलं. अपर्णाबाई इरफानकडे वळल्या. "यंत्र फक्त आंधळ्या जागी भरतं. नक्की?"

"नक्की मॅडम."

"मग हा काचबिंदू नाही."

"आकडे तर काचबिंदूसारखेच उतरलेत."

"आकडे उतरतील. नस मरत असली की आकडा उतरतो. ती डोळ्याच्या दाबाने मरते की आणखी कशाने, हे आकडा कसा सांगणार? पुष्कळ रोग्यांत दाब वाढलेला नसतोच, म्हणून दाबावरूनही कळत नाही. नसेच्या तोंडाशी खड्डा पडतो, तो दोन्हींत पडतो. फरक रंगाचा. काचबिंदूत उरलेली कड गुलाबी असते, नस दुसऱ्या कशाने मरत असली की पांढुरकी पडते. आणि तुमची कमान चित्र काढताना रंग छान करून देते." त्या थांबल्या. इतकं त्या कित्येक दिवसांत बोलल्या नव्हत्या. "काचबिंदूत नाकाकडची बाजू आधी जाते. कानाकडची कड शेवटपर्यंत टिकते. सगळी नजर गेलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा कानाकडून दाराची फट दिसत असते, मी पाहिलंय. हिला नेमकं तिथेच दिसत नाही. तेही दोन्ही डोळ्यांना."

"मग चालताना धडकत कशा नाहीत?"

"मधला भाग एक डोळा दुसऱ्याचा सांभाळून घेतो. अगदी टोकाला दुसऱ्याची मदत पोचत नाही. तिथे येमुल बसलेत."

त्यांनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला. बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण अजून तिथे होतं. बाटली कधीच गेली होती. पद्माताईंचा चष्मा काढून ठेवला, एक डोळा तळहाताने झाकायला लावला.

"माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका. टोपणाचा रंग सांगा."

"लाल."

टोपण नाकाच्या बाजूकडून हळूहळू कानाकडे सरकत गेलं.

"लाल. लाल. लालच ओ." मग एकदम, "आता विटकरी झालं. आता… नेलं का तुम्ही?"

टोपण तिथेच होतं. अपर्णाबाईंनी ते खाली आणलं, वर नेलं. जिथे रंग विझत होता, ती हद्द वरून खाली एका सरळ उभ्या रेघेत होती. वरच्या बाजूला टोपण पार नाहीसं होत होतं, खालच्या बाजूला फिकट तरी दिसत होतं. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच, आरशात बघावं तसं उलट.

"काचबिंदूची हद्द आडवी असते," त्या हळूच इरफानला म्हणाल्या. "उभी रेघ डोळ्यात कधीच तयार होत नाही. ती मेंदूत तयार होते."

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या फुलीच्या खाली, पीयूषिका ग्रंथीत बोराएवढी गाठ होती.

पद्माताईंना हे सांगायला अपर्णाबाईंनी दार लावून घेतलं.

"कर्करोग नाही. सावकाश वाढणारी गाठ आहे. पण दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या फुलीवर ती खालून दाब देतेय. दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या बाजूंचे धागे त्या फुलीतूनच जातात, म्हणून दोन्हीकडे तेवढंच गेलं. आणि तुमचा थकवा, भर उन्हाळ्यात लागणारी थंडी, तीही वयाची नाही. शरीराला चालतं ठेवणारे रस ती ग्रंथी सोडते, आणि गाठीने तिचा गळा धरलाय. त्यासाठी आजपासून गोळ्या देते. गाठ मात्र काढावी लागेल. नाकातून काढतात, डोकं उघडत नाहीत."

"नाही काढली तर?"

"आधी आंधळ्या व्हाल. मग जिवावर बेतेल."

"आणि काढली तर दिसायला लागेल?"

"लागेल."

"कडेचंसुद्धा?"

अपर्णाबाईंना प्रश्न कळला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "हो. कडेला डोळ्याला दिसायला लागलं की यंत्र तिथून हात काढून घेईल."

पद्माताई बराच वेळ शालीच्या दशा बोटांनी सरळ करत राहिल्या.

"सगळंच परत येतं का?"

"ते नस किती दिवस दबली त्यावर. नुकतं दबलेलं लगेच परत येतं, कधी कधी दुसऱ्याच दिवशी. फार दिवस दबलेलं वाळून जातं. गाठ खालून वर येते, तेव्हा आधी जातो वरचा भाग, कानाकडचा. मग खालचा. तुमचा खालचा नुकताच जायला लागलाय. वरचा अजून वाळलेला नाही असं वाटतंय, पण थोडेच दिवस. म्हणून घाई करायची."

"वरचा म्हणजे माझ्या डोळ्याच्या वर?"

"हो. तुम्ही सरळ समोर बघताय, त्या पातळीच्या वरचा."

"असं," पद्माताई म्हणाल्या.

त्या उठेनात, तेव्हा अपर्णाबाईंनी एक सौदा मांडला. ऑपरेशन करून घ्या, मी इरफानला सांगून तुमचं यंत्र नव्या आवृत्तीच्या यादीतून वगळते. जे काही उरेल ते उरेल, निदान कुणी मुद्दाम पुसणार नाही. पद्माताईंनी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच की अपर्णाबाईंना बरं वाटलं.

ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्याची होती. आदल्या दिवशी पद्माताईंचा फोन आला, पुतणीचं लग्न ठरलंय, ते होऊ दे. लग्न झालं. मग गोळ्यांनी अंगात ताकद आलीय, एवढ्यात कापाकापी नको. मग आषाढ आला, आषाढात काही चांगलं करत नाहीत.

"अहो, ही काही मुंज नाही!" अपर्णाबाई फोनवर ओरडल्या.

"ओरडू नका ओ डॉक्टरबाई, तुमचाच दाब वाढेल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. चाळीस वर्षं मी रथाला नारळ वाढवलाय. तो झाला की दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात."

प्रत्येक वेळी दृष्ट्यंक थोडा खाली आलेला असे. अपर्णाबाई फोन ठेवून कपाळ चोळत बसत. त्यांनी आयुष्यात कितीतरी माणसांना समजावलं होतं. कुणी ऐकलं, कुणी भस्म लावून आलं, कुणी आलंच नाही. समजावण्याचा एक साठा असतो माणसापाशी, आणि आपला आता तळाला लागलाय असं त्यांना वाटे. तरी दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा फोन करत.

रथ निघाला, नारळ वाढवला, आणि पद्माताई खरंच दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. शल्यविशारदाने दोन तासांत गाठ काढली. तिसऱ्या दिवशी आकडे वर जायला लागले. महिन्याभरात ऐंशीच्या पुढे गेले आणि तिथेच थांबले. त्यानंतर पद्माताई तपासणीला आल्याच नाहीत. बरी आहे, एवढाच निरोप.

निवृत्तीच्या आठवड्यात अपर्णाबाईंनी टेबल आवरलं, लाल टोपण पर्समध्ये टाकलं आणि विजेच्या रिक्षाने पूर्व भागात गेल्या. गल्लीत एका घरातून अजून मागाचा आवाज येत होता. पूर्वी या गल्लीत बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. आता एकच माग राहिला होता आणि तोही मध्येच थांबत होता.

दार उघडंच होतं. पद्माताई जमिनीवर चटईवर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून, मेथी निवडत. त्यांच्या डाव्या हाताला, कोपऱ्यात, उंच पाठीची चाकांची खुर्ची होती. पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत होते. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, स्टूल नव्हतं, पलंगही नव्हता.

"या या! डॉक्टर घरी म्हणजे आमचं नशीबच."

"तुम्ही आला नाहीत, मग मलाच यावं लागलं. खाली काय बसलात? गुडघे काय म्हणतील? सामान कुठे गेलं?"

"पुतणीला देऊन टाकलं, लग्नात. गुडघे बोलतात की, मी ऐकत नाही."

अपर्णाबाई कशाबशा चटईवर टेकल्या. चष्मा काढायला लावला, टोपण बाहेर काढलं. खालच्या बाजूला पार कानापर्यंत, लाल. मध्ये, लाल. वरच्या बाजूला टोपण जाऊ लागलं आणि उभ्या रेघेपाशी नाहीसं झालं. उजवीकडे तसंच, डावीकडे तसंच. वरचे दोन कोपरे कायमचे गेले होते.

"एवढं काही परत येणार नाही आता," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "तीन महिने घालवलेत तुम्ही. मेमध्ये आला असतात, तर वरचंही परत आलं असतं."

"तर वरचंही परत आलं असतं," पद्माताईंनी तेच शब्द शांतपणे म्हटले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

अपर्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पुतणीचं लग्न, आषाढ, रथ. मग स्वतःच्याच तोंडचे शब्द त्यांना पुन्हा ऐकू आले. आधी वरचा भाग. फार दिवस दबलं की वाळतं. सरळ समोर बघताय त्या पातळीच्या वर. त्यांनी मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. उंच पाठ, डोकं टेकायची उशी. चटईवर बसलेल्या बाईच्या नजरेच्या बरीच वर.

"पद्माताई, जीव गेला असता तुमचा!"

"नाही गेला. तुम्ही म्हणालात, आधी डोळे जातील, मग जीव. मी दोन्हीच्या अलीकडं थांबले. रोज सकाळी त्या दारात उभं राहून शेजारणीला हात हलवायला लावायचे, खालचं किती गेलं बघायला. खालचं मला पाहिजे होतं. भाजी चिरायची असते, पायरी उतरायची असते." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "रागावू नका. तुम्ही नीट समजावून सांगितलं म्हणून जमलं. दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलंच नसतं."

अपर्णाबाईंना रागवायचं होतं. राग कुठून आणावा ते कळेना. गुडघे दुखायला लागले होते, म्हणून त्या भिंतीला धरून उठल्या आणि उभ्याच राहिल्या.

"बसा की ओ."

"खाली नाही जमत मला."

"मग खुर्ची आहे की."

"त्या खुर्चीत?"

"बसा. मालकांना काय होतंय? दमलेल्या दिसताय."

दमल्या होत्याच. चाळीस वर्षांच्या दमल्या होत्या. त्या गेल्या आणि खुर्चीत सावकाश टेकल्या, डोकं मागच्या उशीला लागलं. खुर्ची चांगली होती. पद्माताईंनी मान वळवली नाही. समोर दाराकडे बघत त्या आधी गालातल्या गालात आणि मग खांदे हलवत हसायला लागल्या.

"काय झालं?"

"काय सांगू? ऑपरेशनमध्ये मालकांचे पाय गेले. खाली आता खरं दिसतं ना. म्हणजे खाली तुमची साडी, निळी, चपलासकट. आणि वर मालक. निळी साडी नेसलेले मालक! जन्मात कधी इतके छान दिसले नव्हते."

अपर्णाबाईंनी आपला हात चेहऱ्यासमोर धरून हलवला. पद्माताईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं, भुवया उडवल्या. काही नाही. तिथे त्या नव्हत्याच.

"चहा ठेवते," पद्माताई म्हणाल्या. "तो उतू जाईपर्यंत बसा निवांत."

त्या दाराच्या बाजूने, कोपऱ्याकडे पाठ ठेवून, भिंतीला हात लावत आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला. मग त्या परत येऊन चटईवर तशाच बसल्या, मेथी पुढे ओढली, आणि कडेला कुणाशी तरी तेलुगूत दोन शब्द बोलल्या.

अपर्णाबाईंना ते कळले नाहीत. त्यांनी उत्तर दिलं नाही. साडीच्या निऱ्या हळूच आवरल्या आणि पाय हलवायचे थांबवले.